पेण ते रोहा, एका बेंजोच्या ओळखीसाठी

कोकणात जाऊन आले म्हटल्यावर वर्गातल्या मुलींनी समुद्राचे फोटो मागितले. माझ्याकडे समुद्राचा एकही फोटो नाही. श्रावणातल्या सुट्टीत मी रायगड जिल्ह्यात होते, पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत फिरले, आणि त्यातला बराचसा वेळ बेंजो ऐकण्यात गेला. घरी फोनवर आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तेवढ्यासाठी एवढ्या लांब गेलीस?"  तिला उत्तर म्हणून हे लिहिते आहे.

आधी बेंजोविषयी. ही एक लांबट लाकडी पेटी असते. तिच्यावर पोलादी तारा ताणलेल्या असतात आणि टाइपरायटरला असतात तशी बटणं असतात. डाव्या हाताने बटणं दाबायची आणि उजव्या हातातल्या प्लॅस्टिकच्या तुकड्याने तारा छेडायच्या. पेटीतून एक वायर निघून स्पीकरला जाते. वरातीत किंवा गणपतीच्या मिरवणुकीत टेम्पोवरून जो तिखट, थरथरता आवाज गाण्याची चाल वाजवत असतो, तो याचा. आमच्या जत तालुक्यात याला बँजो म्हणतात, इकडे बेंजो. आमच्याकडे त्याच्या पुढे हलगी असते आणि हलगी सुरू झाली की बाकीच्यांचं काही ऐकू येत नाही. त्यामुळे हे वाद्य नीट ऐकायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

पेण

रूपाली माझी पुण्याच्या होस्टेलमधली रूम पार्टनर. तिचं गाव पेणच्या खारेपाटात, खाडीला लागून आहे. पेणच्या स्टँडवर उतरले तेव्हा समोरून प्लॅस्टिक पांघरलेले गणपती टेम्पोत बसून चालले होते. रूपाली मिनीडोर थांबवून उभी होती. त्या रिक्षात माणसं किती बसवतात हे मी सांगितलं तर आमच्या गावचे वडापवालेसुद्धा विश्वास ठेवणार नाहीत.

गावाला जाताना रस्त्याच्या एका बाजूला भातशेती आणि दुसऱ्या बाजूला पाण्याने भरलेले चौकोन दिसले. मला वाटलं तळी आहेत. रूपाली म्हणाली, "मिठागर हाय. पावसात बंद." आमच्याकडे पाण्यासाठी माणसं शेततळी खणतात. इथे पाणी साचवून ते उन्हात संपायची वाट पाहतात. मी बराच वेळ त्या चौकोनांकडे बघत राहिले.

घरी तिच्या आईने तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि टाकळ्याची भाजी वाढली. मी सवयीने भाकरीवर हाताने दाबून तुकडा मोडायला गेले, तर ती नुसतीच वाकली.

"ही ज्वारीची नाय गो," काकी हसल्या. "हिच्याशी भांडायचं नाय. अलगद घे." मग रूपालीला म्हणाल्या, "श्रावणात कशाला आनलीस हिला? चिंबोऱ्या खायला मिळाल्या असत्या पोरीला." चिंबोऱ्या म्हणजे खेकडे.

एवढं चालू होतं तरी रूपालीचे वडील जेवायला आले नव्हते. ते ओटीवर खाटेशेजारी बसून बेंजो वाजवत होते. एकच ओळ वाजवायचे, थांबायचे, मान हलवायचे, पुन्हा तीच ओळ. गावात त्यांना जनामास्तर म्हणतात. एका बेंजो पार्टीचे ते म्होरके. पूर्वी मिठागरात कामाला जायचे, आता थोडी शेती आहे, पण त्यांची ओळख बेंजोचीच. मी नमस्कार केला. त्यांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. विचारलं ते असं:

"पोरी, हा आवाज कसा वाटतो तुला?"

"चांगला आहे, काका."

"चांगला हाय. पन माझा नाय."

मला समजेना. मग रूपालीने आणि काकींनी मिळून सांगितलं.

मे महिन्याच्या शेवटी रोह्याच्या अलीकडे निडी गावात एका घरी हळद होती. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नाआधी बायकांनी नवरीला लावलेली चार बोटं. इथे हळद हाच मोठा कार्यक्रम. लग्नाला न आलेला माणूस चालतो, हळदीला न आलेला लक्षात राहतो. त्या हळदीला दोन पार्ट्या बोलावल्या होत्या, नवऱ्याकडून पेणची आणि नवरीकडून रोह्याची. समोरासमोर बसून दोघांनी वाजवलं. शेवटी सगळे एकमेकांना हळद फासतात, तशी बेंजोंनाही फासली गेली. दोन्ही बेंजो रोह्याच्या एकाच कारागिराने बनवलेले, सनमायका एकच. दोघांच्या लाल मखमली गवसण्यासुद्धा पेणच्या एकाच शिंप्याच्या. सकाळी पोरांनी ओल्या फडक्याने हळद पुसली, त्यात नावाचे स्टिकरही निघाले. मोसम संपला होता, म्हणून बेंजो प्लॅस्टिकमध्ये बांधून माळ्यावर ठेवला. श्रावण लागल्यावर गणपतीच्या तालमीसाठी खाली काढला, वाजवला, आणि काका म्हणाले, हा माझा नाय. रोहेकरांचा आलाय. माझा तिकडं गेलाय.

हे ऐकून पार्टीतली पोरं हसली. सगळ्यात जास्त हसला नितीन. तो काकांचा पुतण्या. पार्टीत दुसरा बेंजो वाजवायचा, यंदा त्याने की-बोर्ड घेतला आहे. मी होते तेव्हा तो तिथे आलाच.

"काका, किती दिवस तेच? बेंजो तोच हाय. तुमचा कान गेलाय."

"कान गेला असता तर तुझं बेसूर मला कळलं नसतं."

"मी की-बोर्डावर हाय. की-बोर्ड बेसूर होतच नाय."

"तीच तर त्याची खोड हाय."

काकी आतून म्हणाल्या, "ऐकू येतं त्यांना. पायजे तेवढंच येतं. मी हाक मारली की येत नाय."

सगळे हसले, काका हसले नाहीत. त्यांनी नितीनला सगळ्यांदेखत सांगितलं, "उद्या रोह्याला जातो. माझा बेंजो कानानं ओळखून दाखवतो. नाय ओळखला, तर गणपतीला तू पुढं बस. मी झांजा वाजवीन."

टेम्पोत पुढे बसतो तो पार्टीचा मास्तर. चाल तो धरतो, बाकीचे त्याच्या मागून जातात. काका त्या जागेवर नितीनच्या जन्माआधीपासून बसत होते. नितीन नुसता "बरं" म्हणाला आणि गेला.

मग काका माझ्याकडे वळले. "तू चल आमच्यासंगती. रूपाली माझी मुलगी, ती माझी बाजू घेईल. पार्टीतला आणला तर तो नितीनची घेईल. तू बाहेरची."

"काका, मला सुरांतलं काही कळत नाही."

"कळायला नको. ऐकू येतं ना?"

रूपालीने लगेच सांगून टाकलं की होस्टेलमध्ये नळाखाली कुणाची बादली भरते आहे हे मी खोलीतून आवाजावरून ओळखते. हे खरं आहे, पण अभिमानाने सांगण्यासारखं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. बादल्या वेगवेगळ्या असतात, एवढंच.

हळदीतले मोबाइलवरचे व्हिडिओ ऐकून बघावेत असं मी सुचवलं. त्या दुपारी आम्ही ते ऐकले. मोबाइलमध्ये काकांचा बेंजो, रोहेकरांचा बेंजो आणि मागे रडणारं पोर, सगळ्यांचा आवाज सारखाच पत्र्याचा येत होता.

धाटाव

रेल्वेने रोहा जवळ आहे. डब्यात काकांनी बेंजो मखमलीत गुंडाळून मांडीवर आडवा घेतला होता. समोर बसलेली भाजीवाली बाई बराच वेळ बघत होती. शेवटी तिने विचारलं, "पोर आजारी हाय का?" काका म्हणाले, "आजारी नाय, बदललंय." पुढचा सगळा वेळ ती बाई आमच्याकडे संशयाने बघत होती. निडी स्टेशन आलं तेव्हा काकांनी खिडकीतून एक घर दाखवलं. ज्या अंगणात हळद झाली तिथे आता काकडीचा मांडव होता.

रोहेकर पार्टीचे बेंजोवाले दिलीप रोह्याजवळ धाटावला कंपनीत आहेत. आम्ही पोचलो तेव्हा पहिली पाळी सुटत होती. गेटातून मोटरसायकली एकापाठोपाठ एक बाहेर पडत होत्या, बसगाड्या भरत होत्या, आणि हवेला दवाखान्यासारखा वास होता. मी नाकाला ओढणी लावली. थोड्या वेळाने बघितलं तर तिथे दुसऱ्या कुणीच नाकाला काही लावलेलं नव्हतं, म्हणून मीही काढली.

दिलीप चाळिशीचे, उंच, कंपनीच्या शर्टातच होते. काकांचं म्हणणं ऐकून ते आधी खूप हसले.

"मास्तर, बेंजो बदलला असता तर मला कळला नसता काय? मी रोज वाजवतो."

"मग वाजव."

दिलीपनी घरी नेलं. त्यांच्या बायकोने चहा केला. दिलीपनी आपला बेंजो काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. मला खरोखर फरक दिसला नाही. एकाच्या कडेला बारीक टवका उडालेला होता, पण तो कधी उडाला हे दोघांपैकी कुणालाच सांगता येईना. दिलीपनी आपल्या बेंजोवर एक कोळीगीत वाजवलं, मग तेच आमच्या बेंजोवर वाजवलं.

आवाजाविषयी लिहायला माझ्याकडे शब्द कमी आहेत. त्या वेळी मनात भांड्यांचेच शब्द आले. आमचा बेंजो स्टीलच्या वाटीसारखा होता, वाजल्यावर लगेच थांबणारा, स्वच्छ. दिलीपचा पितळेच्या तांब्यासारखा. आवाज जरा मागे रेंगाळायचा. फरक होता, एवढं मी सांगू शकत होते. कुठला कुणाचा, हे सांगणं माझं काम नव्हतं.

काका डोळे मिटून ऐकत होते. दिलीपचा वाजून झाल्यावर म्हणाले, "हा पन माझा नाय वाटत."

"मंग तुमचा गेला कुठं? तिसरी पार्टी होती काय हळदीला?"

"मला काय म्हाईत?"

दिलीपनी पुन्हा आपला बेंजो वाजवला. या वेळी हळू, एकेक बटण दाबून. दोन-तीनदा एका बटणावर थांबले. चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"हे बटन असं वाजत नव्हतं," ते बायकोला म्हणाले. "असं वाजत होतं काय गो हे?"

"मला काय विचारताय? मला सगळी सारखीच."

"मास्तर, तुमी कशाला आलात? सकाळपर्यंत हा माझा होता. आता मलाच वाटायला लागलं की नाय."

रूपालीला हसू आवरेना. दिलीपनी बेंजो गवसणीत घातला, मोटरसायकलची किल्ली घेतली आणि म्हणाले, "चला बशीरभाईकडं. ज्यानं बनवले त्यालाच विचारू."

रोहा

बशीरभाईंचं दुकान रोह्यात कुंडलिका नदीच्या बाजूला, एका गल्लीत आहे. पाटी नाही. दारात लाकडाचा भुसा असतो, तीच खूण. बशीरभाई तरुणपणी आखातात सुतारकाम करायला गेले, तिथे एका सोबत्याकडून वायरिंग शिकले, आणि परत आल्यावर दोन्हींचं मिळून बेंजो बनवायला लागले. आता मुलगा आखातात आहे. ही माहिती त्यांनी आम्ही बसायच्या आतच दिली. त्यांना बोलायला फार आवडतं.

दोन्ही बेंजो उलटसुलट करून बघितले आणि म्हणाले, "दोन्ही माझ्याच हातचे. माशाल्ला, काय काम हाय बघा."

"ते ठीक हाय," दिलीप म्हणाले. "कुठला कुणाचा?"

"ते मी कसं सांगू? मी बनवतो, पोसत नाय. पोसणाऱ्याला कळायला पायजे."

मग त्यांनीच तोड काढली. दुकानात आणखी दोन बेंजो दुरुस्तीला आलेले होते, त्याच घडणीचे. चारही एकाच सुरात लावायचे. वाजवणार ते स्वतः, म्हणजे हात एकच. गाणं नाही, नुसते सूर, कारण गाणं लागलं की माणूस चालीत गुंततो आणि आवाज ऐकायचा राहून जातो. काकांना त्यांनी दाराशी खुर्चीवर बसवलं, तोंड गल्लीच्या टोकाकडे, दुकान त्यांच्या उजव्या हाताला. दिलीपना गल्लीत उभं केलं. आणि मला खडू दिला.

"तू बाहेरची ना? तू नंबर टाक. बेंजोच्या पोटाखाली. मला पन दिसू देऊ नको."

मी चारही बेंजोंवर चादर टाकली, जागा बदलल्या आणि खालून आकडे लिहिले. घरून आणलेल्यावर तीन, दिलीपच्या बेंजोवर एक, आणि दुरुस्तीच्या दोघांवर दोन आणि चार. परीक्षेत बैठक क्रमांक तपासतात तसे ते दोनदा तपासले. माझा इथे काहीच संबंध नव्हता, पण आता सगळं मला एकटीलाच माहीत होतं.

तारा लावायला वेळ गेला. बशीरभाईंच्या घरून नानकटाई आणि चहा आला. गल्लीतली दोन माणसं काय चाललंय बघायला येऊन उभी राहिली. त्यांना सांगितल्यावर ती दोघं कोणता बेंजो बरा यावर आपसात वाद घालू लागली, आणि बशीरभाईंनी त्यांना गप्प बसवलं.

पहिला वाजला. काका म्हणाले, "नाय."

दुसरा. "हा तर लाकूडच ओलं हाय." बशीरभाईंनी माझ्याकडे बघून नाराजीने डोळे मोठे केले.

तिसरा सुरू झाला. वरच्या सुराशी पोचायच्या आतच काकांनी हात वर केला. मान वळवली नाही.

"हा. हा माझा."

"चौथा ऐका ना आधी."

"ऐकतो. पन हाच माझा."

चौथा त्यांनी ऐकला आणि नाही म्हणाले. बशीरभाई म्हणाले, पुन्हा करू, एकदा कुणाचंही लागतं. मी चादरीखाली जागा पुन्हा बदलल्या. या वेळी तोच बेंजो सगळ्यात आधी वाजला. काकांनी तिसऱ्या सुरालाच सांगितलं, "हाच." त्यांचा चेहरा मला बाजूने दिसत होता. कालपासून कपाळावर असलेली आठी गेली होती.

"बघ," ते रूपालीला म्हणाले. "म्हटलं होतं की नाय? कुणाकडं होता हा? दिलीप, तुझा तो की दुरुस्तीला आलेला?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं बशीरभाईंनी सांगावं, पण त्यांना माहीत नव्हतं. मी बेंजो उलटा केला आणि तीनचा आकडा दाखवला. तरी ते बोलावं लागणारच होतं.

"काका, हा आपण घरून आणलेला आहे."

दिलीप गल्लीतून आत आले आणि आपला बेंजो उचलून जवळ घेतला. त्यांना हसू येत होतं, ते त्यांनी दाबलं. मोटरसायकलवरून आणलेली त्यांची काळजी मिटली होती.

काका खुर्चीतून उठून आत येऊन बसले. बेंजो मांडीवर घेतला. वाजवणाऱ्याची बैठक दुकानात ठरलेली होती, स्पीकर डाव्या हाताला. त्यांनी तेच सूर वाजवले. कपाळावरची आठी परत आली.

"आता नाय वाटत," ते म्हणाले. "बशीर, तू काय केलंस?"

"मी हातसुद्धा लावला नाय."

पुढचं दिलीपनी केलं. कंपनीत त्यांचे कान दरवर्षी तपासतात, मशिनच्या खात्यात असल्यामुळे. ते काकांच्या मागे गेले आणि त्यांच्या डाव्या कानाजवळ दोन बोटं एकमेकांवर घासली. काका तारांकडे बघत राहिले. दिलीपनी तेच उजव्या कानाजवळ केलं. काकांनी लगेच मान वळवली, "काय रे?"

दिलीपनी पुन्हा डावीकडे केलं. काही नाही.

रूपाली म्हणाली, "आषाढात ताप आला होता तेव्हा बाबांचा हा कान वाहत होता. नंतर थांबला, म्हणून दवाखान्यात गेलोच नाय."

तेव्हा मला सुचलं ते मी सांगितलं. सांगू की नको असं झालं होतं, पण सांगितलं. स्पीकर डावीकडे असेल आणि डाव्या कानाला ऐकू येत नसेल, तर आवाज उजव्या कानाला डोक्याला वळसा घालून पोचतो. वळसा घालताना आवाजातली धार कमी होते. बेंजोची ओळख त्या धारेतच आहे. खुर्चीवर बसले होते तेव्हा दुकान उजवीकडे होतं, म्हणून आवाज सरळ पोचला. आम्हाला हे पहिल्या वर्षाला फिजिक्समध्ये होतं. एका माणसाच्या डोक्याच्या बाबतीत मी ते पहिल्यांदाच बघत होते.

काका बराच वेळ बेंजोच्या बटणांवरून बोट फिरवत राहिले.

"म्हणजे नितीनचं खरं," ते म्हणाले.

"अर्धं," बशीरभाई म्हणाले. "कान गेलाय, ओळख नाय गेली. माझ्या बेंजोला लाकूड ओलं म्हणालात तेवढं मात्र मागं घ्या."

"ते ओलंच हाय," काका म्हणाले.

खांबमार्गे परत

येताना आम्ही रस्त्याने आलो. खांब गावाशी महामार्गावर गाडी बराच वेळ थांबली, कारण पुढे कुठेतरी ट्रक अडकला होता. आम्ही उतरून टपरीवर चहा प्यायलो, गरम वडे खाल्ले. माझ्या चपलेचा अंगठा चिखलात निघाला. टपरीवाल्याने तारेच्या तुकड्याने तो बांधून दिला आणि म्हणाला, "पेणपर्यंत जाईल. पुढचं तुझं नशीब." ती चप्पल मी पुण्यापर्यंत घातली.

रूपालीने आपला वडा संपवला. मग म्हणाली, "बाबा, मी काय बोलते. नितीनला सांगायचं, बशीरभाईकडं आपला बेंजो सापडला, बदलून आणला. कोन विचारतंय? दिसायला दोन्ही सारखेच हायत. अश्विनी काय बोलनार नाय. बोलशील काय गो?"

न बोलणं सोपं होतं आणि मला ते जमलं असतं. पण मला बाहेरची म्हणून नेलं होतं, हेही मनात होतं.

काका कपातल्या चहाकडे बघत म्हणाले, "मग पुन्हा टेम्पोत बसलो की पुन्हा तसाच वाजेल. तेव्हा काय सांगू? परत बदलला?"

"तेव्हाचं तेव्हा."

"पुढं बसायचं आणि आपल्याच बेंजोवर भरवसा नाय, असं कसं वाजवायचं गो?" मग थोडं थांबून, "पन झांजा वाजवायला पन जीव होत नाय."

हे ते ज्या आवाजात बोलले तो मी इथे लिहू शकत नाही. हलका होता, इतकंच. ट्रक निघाला आणि आम्ही गाडीत बसलो.

तालीम

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावच्या शाळेच्या पडवीत तालीम होती. सगळी पार्टी आधीच जमली होती, कारण बातमी ऐकायची होती. ढोलवाला ढोलावर कोपर टेकून बसला होता. नितीन की-बोर्ड लावून तयार होता. टेम्पोत असतो तसाच स्पीकर पुढच्या बैठकीच्या डाव्या हाताला ठेवला होता, आणि ती बैठक रिकामी होती. तेवढं नितीनने पाळलं होतं.

"काय झालं काका? मिळाला बेंजो?"

"मिळाला."

"कुणाकडं होता?"

"आपल्याच माळ्यावर."

पोरं हसत सुटली. ढोलवाल्याने ढोलावर थाप मारली. काका ते संपेपर्यंत उभे राहिले.

"म्हणजे मी बोललो तेच," नितीन म्हणाला. तो हसत नव्हता. मला वाटतं त्याला जिंकल्यावर पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं. "कान गेलाय."

"डावा गेला. सोमवारी पेणला कानाच्या डॉक्टरकडं जायचंय, ते काय बोलतील ते बोलतील. उजव्यानं ओळखला."

नितीनने माझ्याकडे बघितलं. "खरं काय गो?"

"चार बेंजो होते," मी म्हटलं. "एकाच सुरात लावलेले. काकांनी न बघता दोनदा ओळखला." आणि मग, अर्धवट राहू नये म्हणून, "पण स्पीकर डावीकडे असला की ओळखत नाहीत."

काका रिकाम्या बैठकीकडे गेले नाहीत. ते पडवीच्या खांबाशी, बेंजो छातीशी धरून उभे होते. झांजा एका पोराच्या मांडीवर होत्या. त्याने त्या उचलल्या, कुणाला द्यायच्या कळेना, पुन्हा मांडीवर ठेवल्या.

नितीन उठला. स्पीकर दोन्ही हातांनी उचलला, बैठकीला वळसा घालून उजव्या बाजूला नेऊन ठेवला. वायर ताणली गेली.

"वायर पुरत नाय," तो कुणाकडेही न बघता म्हणाला, आणि परत जाऊन की-बोर्डचा स्टँडही उचलून पलीकडे आणला. आता त्याला पडवीच्या कडेला, गळत्या पत्र्याखाली बसावं लागत होतं. त्याने खुर्ची थोडी आत ओढली. "बसा आता. चाल धरा."

काका बसले. बेंजो मांडीवर घेतला, एक सूर वाजवला, थांबले, तार थोडी पिळली, पुन्हा तोच सूर वाजवला. पुन्हा पिळली. असं बराच वेळ चाललं. बाहेर भुरभुर पाऊस लागला होता, पत्र्यातून थेंब नितीनच्या खांद्यावर पडत होते आणि तो ते पुसत होता. कुणीही काकांना लवकर करा म्हणालं नाही.